पेरूएवढं फळ धरणारा मूली बांबू इंदुरात लावावा का?

प्रश्न थोडक्यात असा: सिमरोल रस्त्याला दोन बिघे जमीन आहे, माती काळी, एक बोअर. कुंपणालगत मूली बांबूची शंभर रोपं ओळीनं लावायची आहेत. रोपवाटिकेवाल्यानं सांगितलंय की तीन वर्षांत फळं लागतील आणि कुंपणही घट्ट होईल. हा बांबू मुळात कुठला, आणि आपल्याकडे येईल का?

दोन्ही आश्वासनं खोटी आहेत. फळ तीन वर्षांत लागत नाही, आणि या बांबूचं कुंपण घट्ट होऊच शकत नाही, कारण तो बेटानं वाढत नाही. शंभर रोपं लावू नका. हौस म्हणून पाच-सहा लावता येतील, पण त्यांच्यासाठी माती वेगळी करावी लागेल आणि मार्च ते जून त्यांच्याकडे रोज पाहावं लागेल. असं का, ते त्याच्या मूळ रानाकडे पाहिलं की कळतं.

मूली म्हणजे मेलोकॅना बॅसिफेरा. मेलोकॅना ही अगदी छोटी प्रजाती, जेमतेम दोन-तीन जातींची, आणि त्यातली हीच एक मोठ्या प्रमाणावर आढळते. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गनं केलेलं तिचं वर्णन १८१९ मध्ये छापलं गेलं तेव्हा तिला साध्या बांबूंच्या प्रजातीतच घातलं होतं. पुढे कुर्झनं तिला आजच्या नावाखाली आणलं. मूळ प्रदेश मिझोराम, त्रिपुरा, आसामातलं बराक खोरं, मणिपूर-मेघालयाचे काही भाग, पलीकडे चितगावचे डोंगर आणि म्यानमारचा राखाइन-चिन पट्टा. मिझो लोक तिला मौताक म्हणतात. तिथल्या डोंगरउतारांवर मैलोन्‌मैल हीच एक जात दिसते. काठी दहा ते वीस मीटर उंच, तीन ते सात सेंटीमीटर जाडीची, पातळ भिंतीची, सरळसोट, पेरं सपाट, शेंडा खाली झुकलेला. विणकामाला, कुडाच्या भिंतींना, चटयांना ती उत्तम. चितगाव डोंगरांतल्या चंद्रघोण्याची कर्णफुली पेपर मिल १९५३ पासून याच बांबूवर चालली. आसामातल्या पाचग्रामची कछार पेपर मिलही बंद पडेपर्यंत याच्यावरच होती.

आता या रानाबद्दलचा एक गैरसमज आधी दूर करायला हवा. फोटोत दिसणारं ते हिरवंगार, एकसारखं बांबूचं जंगल 'अस्पर्श' नसतं. बहुतेक ठिकाणी ते झूम शेतीनंतर उभं राहिलेलं असतं. उतारावरचं जंगल तोडायचं, मार्चच्या सुमारास जाळायचं, एक-दोन हंगाम पीक घ्यायचं आणि जमीन सोडून द्यायची. आगीत झाडांची रोपं आणि बी जळतं. मूलीच्या काठ्याही जळतात, पण कंद जमिनीत शाबूत राहतात. पहिल्या पावसात ते फुटतात आणि झाडांना डोकं वर काढायला मिळेपर्यंत अख्खा उतार व्यापून टाकतात. झूमचं चक्र जितकं आखूड, तितकं मूलीचं फावतं. म्हणजे मोकळी, भुसभुशीत, उताराची जमीन पटकन काबीज करणं हाच या बांबूचा स्वभाव. दाट चिकणमातीत अडकून राहण्यासाठी तो घडलेलाच नाही.

हे काबीज करणं होतं ते कंदामुळे, आणि मेलोकॅनाचं खरं वेगळेपण इथे आहे. आपल्याकडचा मानवेल, ज्याला माळव्यात लाठी बांस म्हणतात, किंवा काटेरी कळक घ्या. त्यांचा कंद आखूड आणि जाड. टोक वर वळतं आणि त्याचीच काठी होते. काठीला काठी लागून उभी राहते, बेट तयार होतं. चीन-जपानकडच्या पळणाऱ्या बांबूंचं उलट असतं: बारीक लांब कंद जमिनीखालून पुढे पुढे जात राहतो आणि त्याच्या बाजूच्या डोळ्यांतून काठ्या येतात. मूलीचा कंद घडणीनं पहिल्या प्रकारचा, म्हणजे टोकाचीच काठी होते. पण कंद फुगण्याआधी त्याला एक लांब मान फुटते, फूट-दीड फुटापासून मीटरभर, मोकळ्या मातीत त्याहूनही जास्त. त्यामुळे काठ्या एकमेकींपासून सुट्या, विखुरलेल्या येतात. त्यांतून माणूस आरामात चालत जातो, मग गुरांना काय अडचण? कुंपण म्हणून हा बांबू निरुपयोगी आहे तो याच कारणानं. उलट चार-पाच वर्षांत तो शेजाऱ्याच्या शेतात कोंब काढील आणि भांडण तुमच्या दारात येईल.

रोप घेतानाही हीच मान महत्त्वाची. मानेला डोळेही नसतात आणि मुळंही नसतात. ती नुसती भरीव, खवल्यांनी झाकलेली दोरी. डोळे आणि मुळं असतात ती काठीच्या बुडाशी फुगलेल्या भागावर. कंद म्हणून कुणी मानेचाच तुकडा पिशवीत लावून दिला असेल, तर तो महिना-दोन महिने ताजा दिसेल आणि मग कुजेल. पिशवी हलकेच फाडून बघायला सांगा. जाड भाग हवा, त्यावर किमान तीन-चार टणक, फिकट पिवळसर डोळे हवेत, आणि मुळं पांढरी हवीत. तपकिरी, दाबल्यावर पिचणारे डोळे मेलेले असतात. काठीचे नुसते तुकडे लावून मूली सहसा जगत नाही, तेव्हा 'कटिंगची रोपं' म्हणून कुणी विकत असेल तर घेऊ नका.

फळाबद्दल. बांबू गवतकुळातला, आणि त्या कुळातलं बी म्हणजे गहू-तांदळासारखा कोरडा दाणा. मूलीला मात्र मांसल, हिरवं, टोकदार चोचीचं फळ येतं, सात ते बारा सेंटीमीटर लांब, पेरूएवढं. बांबूंत हे सगळ्यांत मोठं फळ. असं मांसल फळ धरणाऱ्या बांबूच्या प्रजाती मोजक्याच: आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला ओढ्याकाठी वाढणारी ऑक्लॅन्ड्रा, आग्नेय आशियातली वेलीसारखी चढणारी डायनोक्लोआ, मेक्सिकोतली ओल्मेका, अशी थोडी नावं. मूलीच्या पिकल्या फळात दाण्यासारखा पिठूळ बलक राहत नाही, पिष्ट सगळं जाड सालीत साठतं. आणि फळ काठीवर लटकत असतानाच त्याला कोंब फुटू शकतो. ते वाळवून डब्यात ठेवता येत नाही. महिना-दीड महिन्यात उगवणक्षमता जाते. ताजं मिळालं तर ओल्या रेतीत आडवं, अर्धं बुडेल असं सावलीत ठेवायचं, बस. पण मिळेल कुठून, हा प्रश्न आहे.

कारण ही जात साधारण ४८ वर्षांनी एकदाच फुलते, सगळी एकत्र, आणि फळं गळली की काठ्या, कंद सगळं मरतं. मिझोरामातल्या नोंदी आहेत १८६२, १९११, १९५९ आणि २००६ ते २००८ च्या. फळांचा सडा पडला की उंदीर बेसुमार वाढतात, फळं संपली की तेच उंदीर भातावर तुटून पडतात. हाच तो मौताम. १९५९ च्या दुष्काळात मदतीसाठी उभ्या राहिलेल्या संघटनेतूनच १९६१ मध्ये मिझो नॅशनल फ्रंट झाला आणि १९६६ चं बंड झालं. १९८६ च्या करारानं ते प्रकरण मिटलं आणि पुढच्या वर्षी मिझोराम राज्य झालं. एका बांबूच्या फुलोऱ्यानं राजकारणाला एवढं वळण दिल्याचं दुसरं उदाहरण शोधावं लागेल.

बागवानासाठी यातला कामाचा भाग वेगळा आहे. हे घड्याळ रोपाच्या वयावर चालत नाही, ते बियांपासून मोजलं जातं. कंद फोडून केलेलं रोप किंवा ऊतिसंवर्धनाचं (टिश्यू कल्चरचं) रोप पिशवीत सहा महिन्यांचं दिसलं, तरी त्याचं वय मूळ बियाण्याइतकंच. केरळातल्या पालोडच्या वनस्पती उद्यानात लावलेली मूली २००९ पासून पुढची काही वर्षं फुलली-फळली, मूळ डोंगरांपासून हजारो किलोमीटर दूर. आज बाजारात मिळणारी बहुतेक रोपं गेल्या फुलोऱ्याच्या बियाण्याची आहेत. ती फळणार २०५५ च्या आसपास. म्हणून 'तीन वर्षांत फळ' म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, की हे रोप कोणत्या साली उगवलेल्या बियाण्याचं आहे. रोपवाटिकेला उत्तर देता आलं नाही, तर ते फळाचं नाव सांगून नुसता बांबू विकताहेत असं समजा.

जातीची खात्री करण्याच्या खुणा: पेर फुगलेलं नसावं, हात फिरवला तर काठी जवळजवळ सपाट लागते. खालच्या अर्ध्या भागात फांद्या नसतात. वर पेरापेराला बारीक, साधारण सारख्या जाडीच्या फांद्यांचा झुपका असतो. कोवळ्या काठीवरचं आवरण कडक आणि ठिसूळ, त्याचा वरचा काठ नागमोडी, आणि त्यावरचं पातं लांब, अरुंद. काटे असतील तर तो कळक; काठी जवळजवळ भरीव असेल तर मानवेल.

आता इंदूर. लोक एकूण पाऊस बघतात: मिझोरामात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, आपल्याकडे हजाराच्या आतबाहेर. हा फरक बोअरनं भरून काढता येतो. भरून न काढता येणारी गोष्ट म्हणजे कोरडे महिने. तिकडे मार्च-एप्रिलातच वळवाचे जोरदार पाऊस सुरू होतात, हवा दमट होते. माळव्यात ऑक्टोबरपासून जूनच्या मध्यापर्यंत आकाश कोरडं, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास येते. मूलीचं पान मोठं, चौदा ते अठ्ठावीस सेंटीमीटर लांब आणि तीन-पाच सेंटीमीटर रुंद. ते पाणी झपाट्यानं उडवतं. मानवेल अशा वेळी पानं गाळून मोकळा होतो, लहान केसाळ पानांवर निभावतो. मूलीला ती कला येत नाही. मुळाशी चिखल असला तरी लूमध्ये, म्हणजे उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्यात, पानं आधी टोकाकडून करपतात, मग गुंडाळतात. ही लक्षणं पाहून लोक पाणी वाढवतात, आणि मुळं कुजतात.

दुसरा प्रश्न मातीचा. मूलीच्या मूळ उतारांवरची माती आम्लधर्मी, सामू (pH) बहुधा साडेचार ते साडेपाच, वालुकामय, निचऱ्याची. आपली काळी साडेसात ते साडेआठ, वर चुनखडीचे कंकर. पावसात ती फुगते आणि हवा कोंडते. मेमध्ये चार बोटं रुंद भेगा पडतात आणि नेमक्या त्या लांब माना ताणून तोडतात. कंद जमिनीत पंधरा ते तीस सेंटीमीटरवर चालतो, भेगाही त्याच थरातून जातात. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर तो चुनखडीमुळे लोह न मिळाल्याचा परिणाम. नत्र कमी पडलंय समजून युरिया टाकला तर काहीच होत नाही. फेरस सल्फेट अर्धा टक्का, त्यात चिमूटभर सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी पानांवर फवारा. दहा-बारा दिवसांनी पुन्हा. मातीत किती चुना आहे ते बघायचं असेल तर कोरड्या ढेकळावर व्हिनेगर टाका. फसफसून आलं तर त्या जमिनीत गंधक टाकून सामू खाली आणण्याचा खर्च वाया जाईल. चुना तो सगळा गिळतो.

म्हणून जमीन सुधारत बसू नका, जमिनीच्या वर लावा. काळ्या मातीत दोन-दोन फुटांचे खड्डे घेऊन त्यात छान भुसभुशीत मिश्रण भरणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. जुलैत आजूबाजूचं पाणी त्या मऊ भागात उतरतं, चारी बाजूंची चिकणमाती ते बाहेर जाऊ देत नाही, आणि कंद महिनाभर पाण्यात उभा राहतो. आधी निचरा मोजा: दोन फूट खोल खड्डा पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या भरण्याची पातळी तासाला किती उतरते ते पाहा. अडीच सेंटीमीटरपेक्षा कमी उतरली तर खड्ड्याचा विचार सोडा.

त्याऐवजी दीड ते दोन मीटर रुंद आणि दीड फूट उंच वरंबा घाला. मुरमाड लाल माती दोन भाग, नर्मदेची रेती एक भाग, कुजलेलं शेणखत किंवा पानांचं खत एक भाग. सिमरोल-चोरलच्या उताराकडे मुरूम जवळच मिळतो, हे तुमचं नशीब. वरंब्याखालची काळी माती आधी कुदळीनं फोडून घ्या, म्हणजे दोन थरांच्या सांध्यावर पाणी साचणार नाही. जागा घराच्या किंवा आंब्यांच्या पूर्वेला निवडा. पश्चिमेची लू अडली पाहिजे. कुंपणालगतची उघडी पट्टी या बांबूसाठी सगळ्यांत वाईट जागा. दोन रोपांत चार मीटर अंतर. जवळ लावून दाट होत नाही, कारण कोंब कुठे काढायचा ते मान ठरवते.

लावणी पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत. काठी मीटरभर ठेवून छाटा, कंद चार ते सहा इंच खोल, मान आडवी, डोळे दोन्ही बाजूंना येतील असा. प्रत्येक रोपाला दहा किलो शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड. वर चार ते सहा इंच आच्छादन. तुमच्याकडे सोयाबीनचं कुटार फुकट मिळेल, त्यासारखं दुसरं नाही. फक्त काठीपासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर वाळवी कुटारातून थेट काठीत शिरते. गळलेली बांबूची पानं कधीही झाडून टाकू नका. बांबूला लागणारी सिलिका त्यातूनच परत मिळते.

पाण्याच्या बाबतीत ठिबक इथे फसवं ठरतं. नळी जुन्या काठीच्या बुडाशी, आणि नवा कंद मीटरभर पलीकडे कोरड्यात. छोटे फवारे लावा, संपूर्ण वरंबा भिजेल असे. पहिल्या वर्षी मार्च ते जून दर तिसऱ्या दिवशी रोपामागे पंधरा-वीस लिटर, मोठ्या झाल्यावर चाळीस-पन्नास. भर दुपारी नको. पहाटेचा दहा मिनिटांचा फवारा पानांभोवतीची हवाही थोडी ओली करतो, आणि या जातीला एप्रिलमध्ये तेच हवं असतं. बोअरचं पाणी जड असेल, बादलीच्या तळाला पांढरा थर बसत असेल, तर दोन उन्हाळ्यांत वरंब्याचा सामूही चढेल. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर ते या वरंब्यासाठी राखून ठेवा. पहिले दोन उन्हाळे पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी पश्चिम बाजूला उभी बांधा, डोक्यावर नको.

शेजाऱ्याच्या बाजूला दोन फूट खोल, फूटभर रुंद चर ठेवा, उघडाच. ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा जूनच्या आधी त्यात उतरून बघा. चर ओलांडणारी मान दिसली की कंदाच्या बाजूनं कापा. कापलेला पुढचा तुकडा नुसती मान असेल तर पुन्हा फुटत नाही, पण त्याला फुगीर टोक आलं असेल तर उचलून टाका.

पहिली चार वर्षं एकही काठी तोडायची नाही. पुढे तीन वर्षांच्या काठ्या, ऑक्टोबरअखेर ते जानेवारी, जमिनीलगतच्या पेराच्या वर. बेटाच्या बांबूत आतली काठी जुनी आणि बाहेरची नवी हे डोळ्यांना दिसतं. इथे काठ्या विखुरलेल्या, जागेवरून वय कळत नाही. म्हणून दर दिवाळीला त्या वर्षीच्या काठ्यांवर रंगाचा पट्टा मारा, दर वर्षी वेगळा रंग. हे न केल्यानं चुकून कोवळ्या काठ्या तुटतात, त्या वाळल्यावर सुरकुततात आणि भुंग्यांनी पोखरून पीठ होतात.

तुम्हाला मुळात कुंपण हवं आहे. त्यासाठी मानवेल लावा, अडीच-तीन मीटरवर. इंदूर-महूच्या घाटातल्या जंगलात तो आपणहून येतो, काळ्या मातीचा किनाराही सोसतो. गुरं फार असतील तर कळक, पण त्याची काटेरी छाटणी दर वर्षी करावी लागते आणि मजूर त्यासाठी नाखूश असतात. बुरूडकामासाठी पातळ भिंतीची काठी हवी असेल, तर मूलीच्या ऐवजी बांबुसा टुल्डा पाण्याच्या कडेला लावून बघण्यासारखा आहे. माणगा बांबू कोकणात सुरेख येतो, माळव्यात त्याला उन्हाळा जड जातो.

हाच प्रश्न ग्वाल्हेरहून आला असता तर सरळ नको म्हटलं असतं: मेमध्ये पंचेचाळीसच्या वर, जानेवारीत धुकं आणि दोन-तीन अंशांपर्यंत उतरलेला पारा, दोन्हींत कोंब मरतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा या तिन्हींत बडोद्याला संधी सगळ्यांत बरी. तिथली गोराडू माती निचऱ्याची, हवा थोडी दमट, थंडी सौम्य. मात्र विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी दोन-चार दिवस उभं राहतं अशा सखल प्लॉटवर तिथेही नको.

परवान्याची धास्ती बाळगू नका. २०१७ च्या दुरुस्तीनं वनक्षेत्राबाहेर वाढवलेला बांबू भारतीय वन कायद्याच्या 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे स्वतःच्या जमिनीवरचा बांबू तोडायला आणि न्यायला त्या कायद्याखालचा वाहतूक पास लागत नाही. सातबाऱ्याच्या ठिकाणी तुमच्याकडे खसरा-बी१ असतो. त्यात लागवडीची नोंद करून घेतली की गाडी अडवली तरी कागद दाखवता येतो.